दोंडाईच्याचें एक लहान स्वयंपाकघर

प्रवासास निघालेला मनुष्य देऊळ पाहतो, किल्ला पाहतो, नदीचा घाट पाहतो, आणि घरीं परतल्यावर त्यांचीं वर्णनें लिहितो. ज्या घरीं तो चार दिवस उतरला व ज्या घरच्या अन्नानें त्याचा प्रवास सुखाचा झाला, त्या घराच्या चुलीपर्यंत त्याची नजर क्वचितच पोंचते. पाहुण्यानें ओसरीवर बसावें, बोलावणें आलें म्हणजे पाटावर येऊन बसावें, आणि पुढें आलेलें पान कोठून व कोणाच्या श्रमानें आलें हें विचारूं नये, असा आपल्याकडील जुना शिष्टाचार आहे. गेल्या हिवाळ्यांत आम्ही खानदेशांत दोंडाईच्यास गेलों, तें हा शिष्टाचार मोडण्याच्या हेतूनेंच. आमच्या नात्यांतील एका कुटुंबास आपलें स्वयंपाकघर नव्यानें मांडावयाचें होतें. जागा लहान, माणसें सात, आणि सातांचीं मतें सात. "एकदां येऊन पाहून जा, म्हणजे आमचा वाद मिटेल," असा निरोप आला आणि आम्ही निघालों.

धुळ्यावरून जाणाऱ्यास त्या शहराचे सरळ व रुंद रस्ते पाहून समाधान वाटतें. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळें हें मुख्य ठिकाण केलें व जुन्या गांवाशेजारीं नवी पेठ आंखून वसविली. गांव वसविण्यापूर्वीं तें कागदावर आंखावें ही कल्पना अशा रीतीनें खानदेशास दोनशें वर्षांच्या परिचयाची आहे. स्वयंपाकघर बांधण्यापूर्वीं आंखावें, ही मात्र अजूनही पुष्कळांस नवी वाटते.

धुळ्याच्या उत्तरेस सुमारें ६० किलोमीटरांवर, शिंदखेडा तालुक्यांत, अमरावती नदीच्या कांठीं दोंडाईचा आहे. १९०६ सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले, तेव्हां हा भाग पश्चिम खानदेशांत गेला. पुढें त्याच जिल्ह्यास धुळें हें नांव मिळालें, आणि १९९८ सालीं त्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. १९०० च्या सुमारास सुरतेहून तापीच्या खोऱ्यांतून आगगाडी आली आणि या गांवाचें भाग्य उघडलें. सुरत-भुसावळ मार्गावरील हें एक महत्त्वाचें स्टेशन. मार्गशीर्षांत दत्तजयंतीला तापीकांठीं सारंगखेड्यास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्या यात्रेस आगगाडीनें येणारे पुष्कळ लोक येथेंच उतरतात. मक्यापासून स्टार्च काढणारा एक मोठा कारखानाही गांवांत आहे. परंतु दोंडाईच्याची खरी ओळख मिरचीची. हिवाळ्यांत येणाऱ्यास गांव दिसण्यापूर्वीं त्याचा वास येतो. मोकळ्या रानांत मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या असतात. जिकडे पाहावें तिकडे जमिनीवर तांबडी रजई पसरल्यासारखें दिसतें, आणि त्या रजईवरून वारा फिरला कीं परक्या माणसाच्या डोळ्यांस धार लागते. गांवकऱ्यांस त्याचें कांहीं वाटत नाहीं. बाजारांत पाहुणा कोण व घरचा कोण हें शिंकेवरून ओळखूं येतें, असें आम्हांस आमच्या यजमानांनीं हंसत हंसत सांगितलें, आणि त्याची सत्यता आम्हीं वारंवार पटवून दिली.

जुन्या वस्तींतील कित्येक घरें अद्याप धाब्याचीं आहेत. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर लहान लांकडांचा थर आणि त्यावर मातीचा जाड गिलावा, असें हें सपाट छत. वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर चढतो, तेव्हां या मातीच्या छताखालीं जो गारवा असतो तो सिमेंटच्या छताखालीं मिळत नाहीं. शिवाय धाबें म्हणजे घराचें दुसरें स्वयंपाकघरच होय. वर्षाच्या बेगमीचे पापड, कुरडया, सांडगे आणि ज्वारीचे बिबडे तेथेंच वाळतात. घरांतील बायकांस उघड्या आकाशाखालीं एकत्र बसून काम करण्याची ती एक हक्काची जागा.

आम्ही ज्या घरीं उतरलों तें असेंच तीन पिढ्यांचें घर. रस्त्याकडून ओसरी, मग बैठकीची खोली, मग माजघर, त्यामागें देवघर व स्वयंपाकघर, आणि शेवटीं परसूं. एकामागून एक अशा खोल्यांची ही रांग खानदेशांत जागोजाग आढळते. जुनें स्वयंपाकघर आम्हांस मुद्दाम दाखविण्यांत आलें. मध्यें मातीची चूल व तिला जोडून वैल. उजवीकडे पाण्याचा हंडा, डावीकडे मिठाची बरणी व मसाल्याचा डबा. मागें मडक्यांची उतरंड, वर शिंकें. आणि धाब्याला एक झरोका. भिंती धुरानें काळ्या झालेल्या.

अशा स्वयंपाकघरास आपण सरसकट गैरसोयीचें म्हणतों. पण थोडें थांबून पाहिलें तर त्याच्या मांडणींत एक शहाणपण दिसतें. स्वयंपाक करणारी पाटावर बसे, आणि तिला लागणारी प्रत्येक वस्तु तिच्या हाताच्या अंतरावर असे. चूल, पाणी, पीठ, मीठ, तेल हीं सारीं दोन-अडीच हातांच्या वर्तुळांत येत. गैरसोय होती ती त्या वर्तुळाबाहेर. पाणी विहिरीवर, धान्य कोठीच्या खोलींत, आणि पंगत माजघरांत. या घरांत चुलीपासून पंगतीपर्यंतचें अंतर आम्हीं मोजलें. तें २५ फूट भरलें. एका जेवणास वाढणारीच्या चाळीस फेऱ्या धरल्या, तर जाऊन-येऊन २,००० फूट झाले. दोन वेळचे मिळून ४,००० फूट, म्हणजे सव्वा किलोमीटरास थोडे कमी. वर्षाचा हिशेब केला तर सुमारें ४४० किलोमीटर होतात. दोंडाईच्याहून मुंबईस पायीं जाऊन पोंचावें इतकी ही चाल, आणि ती सारी घराच्या आंत, हातांत ताट नाहीं तर पळी घेऊन, बहुतेक वांकून चाललेली!

हें अंतर विनाकारण पडलेलें नव्हतें. सोवळ्याच्या नियमांनीं तें पाडलें होतें. चूल कोणी शिवावी, कोणत्या दिवशीं कोणी आंत येऊं नये, कोणी ओसरीच्या पुढें पाऊल टाकूं नये, हें सारें त्या नियमांत ठरलेलें असे. आणि त्यामुळें शिजविण्याची जागा व जेवण्याची जागा एकमेकींपासून दूर राहत. आजच्या पिढीनें या घरांत ते नियम सोडून दिले आहेत. परंतु त्या नियमांवरून बांधलेल्या भिंती उभ्या आहेत, आणि माणसें अजून त्या भिंतींच्या सोयीनें चालतात.

आतां या घराच्या वांटण्या झाल्या आहेत. तीन भावांच्या वंशजांत तीन भाग पडले, आणि आमच्या यजमानांच्या वांट्यास मागील बाजूस जी खोली आली ती आंतून ८ फूट रुंद व १२ फूट लांब आहे. उत्तरेस बोळ, पूर्वेस परसूं, पश्चिमेस माजघर. कुटुंबांत काकू, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना, आणि दोन शाळकरी नातवंडें. काकूंचें वय ७८. एके काळीं लग्नकार्यांत चाळीस-चाळीस पानांच्या पंगती त्यांनीं सांभाळल्या. आतां त्यांचे गुडघे वांकत नाहींत. पाटावर बसतां येत नाहीं, आणि बसल्या तर दोघांनीं धरून उठवावें लागतें.

गांवांतील एका कंत्राटदारानें नव्या स्वयंपाकघराचा नकाशा करून दिला होता. दिसण्यांत तो नीटनेटका होता. खोलीच्या दोन भिंतींना काटकोनांत ओटा, वर-खालीं कपाटें, आणि जेवणासाठीं बैठकीच्या खोलींत सहा खुर्च्यांचें मोठें टेबल. शहरांतील घरांत असें असतें, तेव्हां आपल्याकडेही तसेंच असावें, असें थोरल्या चिरंजीवांचें मत. धाकट्या सूनबाईंस उभ्यानें करावयाचा ओटा हवा होता, कारण त्यांची पाठ दुखते. थोरल्या वहिनींस चूल अगदींच जाऊं नये असें वाटत होतें, कारण आखाजीस मांडे करावयाचे तर खापर कोठें ठेवणार? मुलांस फक्त फ्रीज जवळ हवा होता. काकूंस कोणीं विचारलेंच नव्हतें. विचारण्यास नकार कोणाचा नव्हता. पण स्वयंपाक ज्या करीत नाहींत त्यांचें मत स्वयंपाकघराविषयीं काय घ्यावयाचें, अशी सर्वांची समजूत दिसली.

पहिल्याच दिवशीं जेवणाच्या वेळीं आम्हांस एक गोष्ट आढळली. पुरुष व मुलें आमच्याबरोबर माजघरांत जेवावयास बसलीं. सुना वाढीत होत्या. त्या मागाहून स्वयंपाकघरांत जेवणार. आणि काकूंचें ताट त्यांच्या खाटेवर नेऊन दिलें गेलें. ताटांत सारें कांहीं होतें: कळण्याची गरम भाकरी, भरीत, दाळ, वर तुपाची धार. वर्षभरापासून असेंच चालतें, असें कळलें. हें कोणीं ठरविलें नव्हतें; गुडघे दुखूं लागले, एक दिवस ताट खाटेवर दिलें, दुसऱ्या दिवशींही दिलें, आणि मग तीच रीत होऊन बसली.

संध्याकाळीं नकाशा माजघरांत पसरून वाद सुरू झाला, तेव्हां आम्हीं काकूंस त्यांचें मत विचारलें. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "उभ्या जन्मांत मी गरम वाढलं आणि गार खाल्लं. त्याचं दुःख नाहीं. तेव्हां आम्ही साऱ्या जणी मिळून गार खात होतों. आतां गरम मिळतं, पण एकटीला मिळतं."

त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. मात्र त्या वाक्यानंतर प्रश्न बदलला. ओटा कोणत्या दगडाचा व कपाटें कोणत्या रंगाचीं, हें मागें पडलें. आणि सात माणसें एका वेळीं, एका जागीं, चुलीपासून हाताच्या अंतरावर जेवावयास कशीं बसवावीं, हा एकच प्रश्न उरला.

या प्रश्नाचा विचार इतर देशांत पुष्कळ झालेला आहे. १९२६ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरांत कामकऱ्यांसाठीं नवीं घरें बांधलीं जात होतीं. तेव्हां मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या स्थापत्यविशारद बाईंनीं एका लहान स्वयंपाकघराचा नमुना तयार केला. त्याची रुंदी १.९ मीटर व लांबी ३.४ मीटर, म्हणजे आपल्या हिशेबानें जेमतेम ७० चौरस फूट. आगगाडीच्या भोजनगाडींतील मुदपाकखान्यांत इतक्या थोड्या जागेंत इतक्या लोकांचा स्वयंपाक कसा होतो, हें पाहून त्यांनीं आपली मांडणी बसविली. पावलें मोजलीं, हातांच्या हालचाली मोजल्या, आणि प्रत्येक वस्तूस ठराविक जागा दिली. अशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें तेथें बांधलीं गेलीं, आणि आज जगभर जे उभे ओटे व भिंतीचीं कपाटें दिसतात त्यांचें मूळ पुष्कळ अंशीं त्या नमुन्यांत आहे. पण त्याच नमुन्याविरुद्ध पुढें एक तक्रार निघाली. जेवण्याची जागा शेजारच्या खोलींत गेली, आणि स्वयंपाक करणारी त्या चिमुकल्या खोलींत एकटी पडली. तिचीं पावलें वांचलीं, संगत गेली. कंत्राटदाराच्या नकाशांत नेमका हाच दोष होता. जुनी पंगत जाऊन टेबल आलें असतें. वाढणाऱ्या उभ्याच राहिल्या असत्या. आणि काकूंस खाटेपासून बैठकीपर्यंत रोज दोन वेळां चालणें झेपलें नसतें.

आपल्या देशांत या बाबतींत जो विचार झाला तो मुख्यतः धुराचा. चुलीच्या धुरानें बायकांचे डोळे व छाती यांची जी हानि होते ती पाहून हैदराबादेंत डॉ. राजू यांनीं १९५३ सालीं निर्धूर चुलीची रचना पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. १९८० नंतर सरकारनें सुधारलेल्या चुलींची देशव्यापी योजना चालविली, आणि २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गरीब घरांतही गॅसची शेगडी नेली. धूर कमी झाला, आणि त्याबरोबर बसून करण्याचा स्वयंपाक उभ्यानें होऊं लागला. परंतु उभें राहणारीची जेवणारांशीं असलेली जवळीक कशी राखावी, याचा विचार घरोघर ज्यानें त्यानेंच करावयाचा राहिला. जागेच्या मापाचा एक आधार मात्र उपलब्ध आहे. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणें नुसत्या स्वयंपाकाची खोली निदान ५ चौरस मीटर व १.८ मीटर रुंद असावी. आणि तेथेंच जेवावयाचें असेल तर निदान ७.५ चौरस मीटर व २.१ मीटर रुंद असावी. आमच्या यजमानांची खोली ८.९ चौरस मीटर भरते व तिची रुंदी २.४ मीटर आहे. म्हणजे जागा लहान खरी, पण अशक्य नव्हे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं परसांत एक प्रयोग केला. गवंडी पायाची आंखणी करतांना जमिनीवर फक्की मारतो, तशी आम्हीं रांगोळीनें ८ फूट व १२ फुटांची खोली पूर्ण मापानें काढली. दारें सोडलीं, ओट्याची जागा आंखली, टेबलाच्या जागीं फळ्या व पाट मांडले, खुर्च्यांच्या जागीं डबे ठेवले. मग वहिनींनीं खोटा स्वयंपाक केला: पाणी घेतलें, भाजी चिरली, फोडणी दिली, भाकरी थापली. धाकट्या सूनबाई वाढावयास निघाल्या. मुलें मध्यें धांवलीं. तीन वेळां रांगोळी पुसली आणि चौथ्या वेळीं सर्वांस पटेल अशी मांडणी निघाली. कागदावर जें सुंदर दिसतें तें जमिनीवर कोठें अडखळतें, हें अर्ध्या तासांत कळलें. या युक्तीला रांगोळीपलीकडे खर्च नाहीं, म्हणून आम्ही ती आमच्या वाचकांस आग्रहानें सुचवितों.

ठरलेली मांडणी अशी. उत्तरेच्या भिंतीस २ फूट खोलीचा सरळ ओटा, पूर्ण १२ फूट. पूर्वेकडून म्हणजे परसाच्या बाजूनें आरंभ केला तर प्रथम अडीच फुटांत भांडीं घासण्याची व हात धुण्याची मोरी. मग दीड फुटांत धुतलेलीं भांडीं निथळण्याची जागा. मग अडीच फूट चिरण्या-निवडण्यास. मग अडीच फुटांत शेगडी. आणि शेवटचे ३ फूट, माजघराच्या दाराजवळचे, भाकरीचे. पाणी, चिरणें, शिजविणें व थापणें हीं कामें ज्या क्रमानें होतात त्याच क्रमानें जागा लागल्या, म्हणजे उलट फिरणें राहत नाहीं. मोरी परसाच्या दाराशीं असल्यामुळें उष्टीं भांडीं खोलीभर फिरत नाहींत.

ओट्याची उंची सगळीकडे सारखी ठेवली नाहीं, आणि या मुद्द्याकडे आम्ही विशेष लक्ष वेधूं इच्छितों. चिरण्यासाठीं व शिजविण्यासाठीं ओटा करणारीच्या कोंपरापासून चार-पांच इंच खालीं असावा. या घरांतील सुनांच्या मापानें तो ३३ इंच झाला. पण भाकरी थापावयाची म्हणजे हाताच्या तळव्यावर अंगाचा भार द्यावा लागतो, आणि परातीच्या काठाची उंची आणखी वर येते. ३३ इंचांच्या ओट्यावर रोज वीस भाकऱ्या थापणारीचे खांदे महिनाभरांत भरून येतील. म्हणून दाराजवळचे ३ फूट २८ इंच उंचीचे केले. पोळ्याच ज्या घरीं होतात तेथेंही लाटण्याची जागा अशी खालीं घेतली तर हातांस आराम पडेल.

आतां जेवण्याची जागा. ओट्यापुढें ६ फूट रुंदी उरते. तिच्यांतील दक्षिणेच्या भिंतीस लागून १५ इंच रुंदीचा व १७ इंच उंचीचा लांकडी बांक बसविला. त्याची लांबी ८ फूट. बांकापुढें तितकेंच लांब, पण २२ इंचच रुंद असें टेबल. टेबलाची कड बांकावर दोन इंच येते, त्यामुळें दोहोंस मिळून तीन फुटांहून थोडी कमी जागा लागली. एका माणसास जेवतांना दोन फूट लांबी पुरते. म्हणून बांकावर चौघें, आणि समोर तीन स्टुलांवर तिघें, अशीं सातही माणसें बसलीं. जेवण नसेल तेव्हां स्टुलें टेबलाखालीं जातात व कामास ३ फूट मोकळी वाट राहते. पश्चिमेचें व पूर्वेचें दार याच वाटेवर समोरासमोर असल्यानें वारा खेळतो, आणि शेगडी त्या ओळींत नसल्यामुळें आंच विझत नाहीं. स्टुलें मांडतांना भाकरीच्या ओट्यासमोरचे दोन फूट सोडावयाचे, म्हणजे थापणारीस उभें राहतां येतें. दक्षिणेच्या भिंतीच्या उरलेल्या ४ फुटांत फ्रीज व रोजच्या जिनसांचें फडताळ. वर्षाची बेगमी मात्र या खोलींत ठेवावयाची नाहीं. गहूं, ज्वारी, मिरची व पापडांचे डबे माजघराच्या पोटमाळ्यावर. लहान स्वयंपाकघरें बहुधा जागेच्या अभावानें अडत नाहींत. वर्षांतून चारदां लागणाऱ्या वस्तु रोजच्या वस्तूंच्या मध्यें येऊन बसतात, त्यानें अडतात.

काकूंची जागा बांकाच्या पश्चिमेच्या टोंकास, दाराशीं. तेथें बसण्यास कोणापुढून सरकावें लागत नाहीं, आणि भिंतींत पक्का कांबीचा कठडा बसविला आहे, तो धरून त्यांना आपल्या आपण उठतां येतें. त्यांची खाट माजघरांत त्या दारापासून सहा-सात पावलांवर. समोर तीन फुटांवर भाकरीचा ओटा. त्यामुळें वहिनी भाकरी थापीत असतां काकू तेथें बसून लसूण सोलतात, शेंगा फोडतात, आणि मीठ किती घालावें याविषयीं आपलें मत देतात.

गॅसविषयीं दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. घरगुती टांकींतील गॅस हवेपेक्षां जड असतो. गळती झाली तर तो वर न जातां जमिनीवर सांचतो. म्हणून बोळाकडील भिंतींत जमिनीलगत जाळी ठेवावयास लावली. टांकी उभी, उघड्यावर व शेगडीपेक्षां खालच्या पातळीवर ठेवली; ती बंद कपाटांत किंवा खोलगट जागेंत ठेवूं नये. शेगडीवर वाफ व फोडणीची खाट बाहेर नेणारा पंखा बसविला. खिडकी उत्तरेस, चिरण्याच्या जागेवर, कारण उत्तरेचा उजेड स्थिर असतो व उन्हाची तिरीप त्यांत फारशी येत नाहीं. खानदेशच्या उन्हांत पश्चिमेची खिडकी म्हणजे दुसरी शेगडीच समजावी.

चुलीचा प्रश्न राहिला होता, तो परसांत सुटला. ज्यांनीं खानदेशी मांडे होतांना पाहिले असतील त्यांस त्याचें कारण कळेल. पुरण भरलेला उंडा प्रथम थोडा लाटतात, आणि मग करणारी तो दोन्ही हातांवर घेऊन झेलीत, फिरवीत, वाढवीत नेते. तो हाताच्या कोंपरापर्यंत पसरला म्हणजे पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकते. या कामास चारी बाजूंस मोकळी जागा हवी, आणि आंच लांकडांची हवी. ८ फुटी खोलींत तें होणें नाहीं. तेव्हां परसाच्या दाराबाहेर पत्र्याच्या पडवीखालीं मातीची चूल घातली. मांडे, बट्टी, भरिताचीं वांगीं, आणि काळ्या मसाल्याची भाजणी तेथें. मिरची भाजण्याचें काम घराबाहेर गेलें, ही तर सर्वांच्याच डोळ्यांची सोय झाली.

एवढें ठरल्यावरही एक अडचण उरली होती, आणि ती दगड-लांकडानें सुटणारी नव्हती. भाकरी तव्यावरून थेट ताटांत यावी, ही खानदेशांतील प्रत्येक पुरुषाची संवय. ती पाळावयाची तर कोणीतरी एक उभें राहणारच. मग सात माणसांची जागा करून उपयोग काय? यावर थोरल्या चिरंजीवांनीं प्रथम बरीच कुरकुर केली. गार भाकरी म्हणजे चामडें, वगैरे वगैरे. शेवटीं तोड अशी निघाली कीं, निम्म्या भाकऱ्या अगोदर करून फडक्यांत गुंडाळून टोपलींत झांकून ठेवाव्या, उरलेल्या सर्वांचीं पानें वाढल्यावर कराव्या, आणि शेवटच्या चार भाकऱ्या ज्यास अगदीं गरम हव्या त्यानें स्वतः शेकाव्या. हें तिसरें कलम धाकट्या सूनबाईंनीं घातलें. त्यावर हंशा पिकला, पण तें कलम कायम राहिलें.

बांधकाम फाल्गुनांत पुरें झालें. आखाजीस आम्हांस पुन्हां बोलावणें होतें. परंतु अन्य कामामुळें जाणें झालें नाहीं. मागाहून वहिनींकडून हकीकत कळली. मांडे परसांत झाले. पंखा थोडा आवाज करतो. टेबल २२ इंचांचें आहे तें २४ इंचांचें असतें तर मोठें पातेलें मध्यें ठेवतां आलें असतें, असें आतां वाटतें. म्हणून पातेलें भाकरीच्या ओट्यावर ठेवतात व काकूंसमोरून वाढतात. थोरले चिरंजीव शेवटच्या भाकऱ्या शेकतात. त्यांतील एखादी करपते, ती त्यांच्याच पानांत जाते. काकूंचें ताट गेल्या दोन महिन्यांत, तापाचे चार दिवस सोडले तर, खाटेवर गेलेलें नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आज हीच स्थिति आहे. वाडे गेले, वांटण्या झाल्या, शहरांत दोन खोल्यांचीं बिऱ्हाडें आलीं. एकत्र कुटुंबाची माणसें मात्र कोठें चार, कोठें सात अजून एका छपराखालीं राहतात. अशा घरीं स्वयंपाकघर नव्यानें करावयाचें झालें, तर कंत्राटदारास बोलावण्यापूर्वीं एक आठवडा आपल्या घरचीं जेवणें नीट पाहावीं. कोण कोठें बसतें, कोण उभें राहतें, कोण शेवटीं जेवतें, आणि कोणाचें ताट वेगळें जातें, हें टिपून ठेवावें. मग रांगोळी घ्यावी. ओट्याची लांबी, खिडकीची दिशा व कपाटांची संख्या हीं मापें त्या टिपणावरून काढलीं, तर ८ फूट रुंदीच्या खोलींतही सर्वांचीं पानें मांडतां येतात.